चोरांच्या टोळीतली भावंडं: गोष्ट बंद करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या मुलांच्या पानावर खोडकर बहीण-भाऊ चोरांच्या टोळीत सामील होतात ती गोष्ट चालू आहे, आणि गेल्या आठवड्यात एका वाचकांचं पत्र आलं की असल्या गोष्टींनी मुलं बिघडतात, चोर प्रेमळ दाखवू नका, गोष्ट बंद करा. मला हे अजिबात पटलेलं नाही. माझ्या घरी अशीच दोन कार्टी आहेत, मुलगा दहाचा आणि मुलगी सातची, आणि ही गोष्ट दर रविवारी मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवते, म्हणून लिहितेय.

मुलांना त्यात चोरी आवडते असं खरंच वाटतं का? माल किती मिळाला हे माझ्या पोरांनी एकदाही विचारलेलं नाही. त्यांचे प्रश्न म्हणजे टोळीत घेताना परीक्षा काय घेतली, परवलीचा शब्द काय, आणि धाकटीला घेतलं का नाही. दिवसभर चढू नको, हात लावू नको, गप बस एवढंच ऐकणाऱ्या पोरांना पहिल्यांदाच कुणीतरी म्हणतं की तू चपळ आहेस, तुला भिंतीवर चढता येतं, ये आमच्यात. घरी जिला खोडी म्हणतात तिला तिथे कला म्हणतात, मग का नाही जीव जडणार.

आणि हे काही आजचं फॅड नाही. शूद्रकाच्या मृच्छकटिक या जुन्या संस्कृत नाटकात शर्विलक नावाचा चोर घर फोडायला येतो तेव्हा भिंतीला भोक कमळासारखं पाडावं, चंद्रकोरीसारखं की पूर्णकुंभासारखं याचा विचार करत बसतो, मापाची दोरी विसरलाय म्हणून जानव्यानेच मोजतो! चोरी करतो तीही आपल्या प्रेयसीला, मदनिकेला दास्यातून सोडवायला, म्हणजे असा चोर आवडणारच. पण ते नाटक तिथे थांबत नाही. दागिने मदनिकेच्या मालकिणीचे, वसंतसेनेचे, ठेव म्हणून चारुदत्ताकडे ठेवलेले, आणि शर्विलकाने फोडलं ते याच चारुदत्ताचं घर, आता गरीब माणसाच्या घरी चोरी झाली यावर विश्वास कोण ठेवणार या विचाराने तो खचतो आणि शेवटी त्याची बायको धूता स्वतःची रत्नावली काढून देते. चोर लाडका आहे म्हणून धूतेचं नुकसान झाकून ठेवलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की चोर प्रेमळ असू दे, पण ज्याचं गेलं तो माणूस पण गोष्टीत दिसू दे.

मुलांना ते कळतं हो. मागच्या महिन्यात आमच्या दोघांनी टोळी काढली आणि पहिला डल्ला मारला आजीच्या चष्म्यावर, बुटात लपवला. आजीने उशी उचलून पाहिली, खिडकीत हात फिरवला, मग पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि नुसती बसून राहिली. मुलगी दाराआडून बघत होती. भावाला चष्म्याच्या बदल्यात काहीतरी मागायचं होतं, तसं ठरलंच होतं त्यांचं, पण ही पाच-दहा मिनिटांत गेली, चष्मा फ्रॉकला पुसला आणि आजीच्या हातात दिला. मी विचारलं कुणी घेतला होता, तर दोघं एकदमच म्हणाली, मी. मी ओरडायचं विसरले.

एका बाबतीत मात्र त्या वाचकांची काळजी मला कळते. डिकन्सची ऑलिव्हर ट्विस्ट ही कादंबरी 1837 ते 1839 मध्ये मासिकातून क्रमशः आली, त्यात पोरांना खिसे मारायला शिकवणारा म्हातारा फेगिन खिशात घड्याळ-रुमाल ठेवून घरातच फिरतो आणि पोरं ते हळूच काढतात, ऑलिव्हरला तो खेळच वाटतो, हसून हसून त्याच्या डोळ्यात पाणी येतं. पुढे त्याच ऑलिव्हरला एका घराच्या छोट्या खिडकीतून आत सोडतात, कारण तिथून मोठा माणूस मावत नाही, आणि गोळी लागते ती त्या पोराला. टोळीला लहान मूल हवं असतं ते बऱ्याचदा ह्याच्यासाठी, आणि आधी त्याला हसवतात ते पण ह्याच्यासाठीच.

तुमच्या गोष्टीत परवाच्या भागात सरदाराने धाकट्या बहिणीला झरोक्यातून आत पाठवलं आणि स्वतः खाली उभा राहून विनोद करत होता. वाचताना मी अडखळले. माझा मुलगा लगेच म्हणाला, तो स्वतः का नाही गेला? मी म्हटलं मावला नसता. तो म्हणाला, मग दुसरं घर बघायचं ना.

गोष्टीतल्या भावालाही हा प्रश्न एकदा सरदाराला तोंडावर विचारू दे, एवढी विनंती तुमच्या लेखकांपर्यंत पोचवा. आणि त्या झरोक्याच्या आत राहणाऱ्या बाईंचं काय झालं तेही येऊ दे पुढच्या भागात, गोष्ट मात्र बंद करू नका.

आपली,
दोन मुलांची आई