कमरेचं माप दवाखान्यातही घ्या

महोदय,

‘लठ्ठपणा म्हणजे जिभेवर ताबा नसणे’ अशा अर्थाचं एक पत्र आपल्या अंकात वाचलं. मिरजेत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. माप देताना बायका जे बोलतात ते डॉक्टरांपुढेही बोलत नसतील, म्हणून लिहितेय.

लग्नसराईच्या आधी वजन उतरवून ब्लाउज आत घ्यायला कितीतरी जणी येतात. भात सोडलेला, रात्रीचं जेवण सोडलेलं, पहाटे कृष्णा घाटापर्यंत चालणं. मी शिलाई आत घेते, पण आतली माया (जादा कापड) कापत नाही. कारण वर्ष-दीड वर्षात तोच ब्लाउज उसवायला येतो. या सगळ्या काय आळशी झाल्या? वजन उतरलं की शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं, चरबीतून निघणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं, भूक खवळते आणि आधीपेक्षा कमी ऊर्जा जळते. लेप्टिनचा शोध १९९४ मध्येच लागलाय, पण सासूबाईंपर्यंत तो अजून पोचायचाय! त्यात कुणाला पीसीओडी, कुणाला दम्यासाठी स्टेरॉइड, कुणाची रात्रपाळी. आईबापांकडून आलेली ठेवण तर असतेच.

दुसरी गोष्ट टेपच सांगतो. दंड काटकुळे, पण कंबर भरलेली, अशा बायका आपल्याकडे खूप. पुण्याचे मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय की आपली बाळं जन्मतः वजनाला कमी असली तरी त्या मानाने चरबी कमी नसते. वजन कमी दिसलं तरी चरबी जास्त असू शकते, म्हणून आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या पुढे गेली की सावध व्हायचं. पुरुषाची ९० च्या पुढे. वीस-तीस रुपयांच्या टेपचं हे काम, पण दवाखान्यात बीपी बघतात, कंबर कुणी मोजत नाही.

आता वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा दुकानातही असते. त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, आणि इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. बीपीची गोळी सोडल्यावर बीपी चढलं तर त्या माणसाला आपण हावरट म्हणत नाही. इथेही उपचार दीर्घकाळचा आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचा आहे. मैत्रिणीने घेतलं म्हणून मेडिकलमधून आणून टोचायची ही वस्तू नव्हे. खाणं आणि चालणं सुटत नाहीच, पण तेवढ्यावर भागत नसेल तर औषध मागताना मान खाली घालावी लागू नये.

आपल्या रविवार पुरवणीत ‘महिन्यात दहा किलो कमी, गॅरंटीसह’ अशा जाहिराती येतात. निदान त्या तरी बंद कराव्यात ही विनंती.

– एक लेडीज टेलर, मिरज
(कृपया नाव छापू नये.)