परकीय चलनाच्या पावतीवर एक ओळ वाढवा

महोदय,
स. न. वि. वि.

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानाचे हिशेब मी बरीच वर्षे लिहिते आहे. हळद घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या हाती पट्टी देताना वजन, भाव, हमाली, तोलाई सगळे वेगवेगळे मांडावे लागते. दहा रुपये कापले तरी ते कशाचे हे शेतकरी विचारतो आणि ते विचारण्याचा त्याला हक्कच आहे. तोच माणूस मुलाकडे परदेशी जायला निघाला की लाखभर रुपये मोजून चलन घेतो. त्यातले विकणाऱ्याकडे किती राहिले हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

आमच्या घरच्यांचा दुबईचा बेत ठरला आहे. वरखर्चाला तिथल्या चलनाचे ३,००० दिरहम रोख हवे होते. शहरातल्या एका परवानाधारक विक्रेत्याने २६ रुपये २० पैसे दर सांगितला आणि वर ‘आमच्याकडे कमिशन अजिबात नाही’ अशी खात्रीही दिली. लेखी हिशेब मागितला तेव्हा त्यात दोनच रकमा होत्या: चलनाचे ७८,६०० रुपये आणि जीएसटीचे सुमारे १४१ रुपये. कराचा आकडा बरोबर होता. एक लाखापर्यंतच्या चलनबदलाला रकमेचा एक टक्का (किमान २५० रुपये) हे करपात्र मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर लावता येतो.

आता दराकडे वळते. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम, त्यात रोजची चढउतार नाही. त्या दिवशी डॉलरचा संदर्भ दर, म्हणजे तुलनेसाठी रोज अधिकृतपणे जाहीर होणारा बाजारातला दर, ९० रुपयांच्या घरात होता. भागाकार केला की दिरहम साडेचोवीस रुपयांना पडतो. म्हणजे दर दिरहममागे १ रुपया ७० पैसे जास्त लावले होते आणि ३,००० दिरहमांवर ते ५,१०० रुपये झाले. सरकारच्या १४१ रुपयांना कागदावर स्वतंत्र ओळ होती, विक्रेत्याच्या ५,१०० रुपयांना नव्हती. माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो मला फार मोठा वाटतो.

मी फोनवर विचारले, ‘संदर्भ दरावर तुम्ही किती टक्के लावता?’ पलीकडचा मुलगा थोडा थांबला. ‘ताई, साहेबांना विचारतो,’ म्हणाला आणि लगेच २५ रुपये ६० पैशांवर आला. एका प्रश्नाने १,८०० रुपये वाचले. कोल्हापुरातल्या दुसऱ्या विक्रेत्याने त्याच दुपारी २५ रुपये ३० पैसे सांगितले. आमच्या बँकेच्या शाखेत दिरहम नव्हतेच. आधी मागणी नोंदवा, नोटा वरून येतील, दर त्या दिवशीचा लागेल, असे उत्तर मिळाले. ज्याला हा प्रश्न विचारायचा असतो हेच ठाऊक नाही, त्याने २६ रुपये २० पैसेच मोजले असतील. मिरजेतून उमऱ्याला (मक्केच्या यात्रेला) निघालेली वयस्क मंडळी, पहिल्यांदाच लेकीकडे चाललेले आईवडील, यांना हा प्रश्न कोण सांगणार?

परदेशी नोटा मागवायच्या, त्यांचा विमा उतरवायचा, भांडवल अडकवून ठेवायचे, याला खर्च येतो, हे हिशेब लिहिणाऱ्या बाईला कळते. विक्रेत्याने नफा घ्यावा, जरूर घ्यावा. पण तो दरात मिसळून ‘कमिशन नाही’ म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार खरेदी-विक्रीचे दर दर्शनी भागात लावावे लागतात. ते लावलेले असतातही. पण तुलनेला दुसरा आकडा शेजारी नसेल तर नुसता दर वाचून काय कळणार? तो दुसरा आकडा गुप्त नाही. डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचे संदर्भ दर कामकाजाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास जाहीर होतात. आधी रिझर्व्ह बँक ते काढायची, जुलै २०१८ पासून फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था काढते. तेव्हा रिझर्व्ह बँकेने परवानाधारकांना पावतीवर एक ओळ सक्तीची करावी: आजचा संदर्भ दर, आमचा दर आणि दोन्हींतला फरक रुपयांत. ज्या चलनाचा संदर्भ दर जाहीर होत नाही, त्याचा डॉलरवरून काढून लिहावा. छापील पावतीत एक रकाना वाढवायला कितीसा खर्च येणार आहे?

रोखीऐवजी आधी पैसे भरून ठेवायचे परकीय चलनाचे कार्ड घ्या, असे सुचवणारे पुष्कळ भेटले. कार्ड सोयीचे आहे, मीही बराचसा खर्च त्यावरच करणार आहे. पण त्यात पैसे भरतानाही विक्रेत्याचाच दर लागतो, म्हणून तिथेही हीच ओळ हवी. शिवाय तिकडच्या दुकानातले यंत्र ‘रुपयांत देता का’ असे विचारते. आपला रुपया ओळखीचा म्हणून हो म्हटले की दुकानदाराच्या बाजूने ठरलेला आणखी एक महाग दर माथी बसतो. दिरहमच निवडावे.

पावतीचा कंटाळा करून ओळखीच्या माणसाकडून परस्पर नोटा घेणारेही आपल्याकडे आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, असे करू नका. परवाना नसलेल्याकडून चलन घेणे फेमा या परकीय चलनविषयक कायद्याविरुद्ध आहे आणि नोट खोटी निघाली तर दाद मागायला हाती कागद नसतो. परवानाधारकांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. पॅन आणि पासपोर्ट घेऊन जा. ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम असेल तर चेकने किंवा खात्यातून द्या. परतल्यावर उरलेले चलन २,००० डॉलरपर्यंतचे स्वतःजवळ ठेवता येते, त्यापुढचे १८० दिवसांत परत विकावे लागते. मात्र विकताना दर उलट्या बाजूला, संदर्भ दराच्या खाली, सरकलेला असतो. म्हणून मुळातच गरजेपुरते घ्यावे.

संपादक महोदय, एक विनंती थेट आपल्याला. आपल्या सांगली आवृत्तीत हळद, बेदाणा, गूळ, सोने यांचे भाव आम्ही रोज सकाळी वाचतो. त्याच चौकटीत आदल्या दिवशीचे हे चार संदर्भ दर छापावेत. येनचा दर १०० येनला असतो, तेवढे शेजारी लिहावे. आखाती देशांत जाणाऱ्यांसाठी खाली एक ओळ द्यावी: डॉलरच्या दराला ३.६७२५ ने भागले की दिरहम आणि ३.७५ ने भागले की सौदी रियाल. डॉलर ९० असेल तर रियाल २४ रुपये. मग कात्रण घेऊन कोणालाही विक्रेत्यासमोर उभे राहता येईल. सुट्ट्यांच्या आधी हे सुरू झाले तर बरे.

आपली नम्र,
अडत दुकानातील एक हिशेबनीस,
गावभाग, सांगली