तक्रार: ‘कायमची चष्मामुक्ती’ सांगून केलेली सीके शस्त्रक्रिया

पुणे, दि. १२ जानेवारी २००९

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: नंबर परत आल्याबाबत व शुल्क परत मिळण्याबाबत

महोदय,

ऑगस्ट २००७ मध्ये आपल्या केंद्रात माझ्या दोन्ही डोळ्यांची कंडक्टिव्ह केराटोप्लास्टी (सीके, म्हणजे उष्णतेने कॉर्नियाचा आकार बदलून प्लस नंबर उतरवण्याची शस्त्रक्रिया) झाली. तेव्हा माझं वय ४६ होतं आणि लांबचा नंबर +१.५०. सुरुवातीला नंबर शून्यावर आला. आज तो +१.०० आहे. दोन्ही डोळ्यांचे मिळून ३८,००० रुपये मी भरले होते, पावती सोबत जोडली आहे.

डॉक्टरांच्या हाताबद्दल तक्रार नाही. कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, कडेला जांभळ्या शाईची खूण करून त्यांनी केसासारखी बारीक सुई सोळा ठिकाणी टेकवली, आठ-आठ टिंबांची दोन कडी. प्रत्येक टिंबाला सेकंदभरही लागला नाही. सुईमुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेने तिथलं कोलॅजन (कॉर्नियाचे तंतू) आकसतं, कडेला पट्टा आवळल्यासारखं होतं, मध्यभाग फुगीर होतो आणि प्लस नंबर उतरतो. हे त्यांनी नीट समजावलं. आकसलेलं कोलॅजन पुढे सैल पडतं, हे मात्र कोणीच सांगितलं नाही.

आणि ही काही गुप्त गोष्ट नव्हे. मॉस्कोत नेत्रतज्ज्ञ फ्योदोरोव्ह यांनी १९८० च्या दशकात तापलेल्या सुईने हेच केलं, तेव्हाही नंबर परत येत होते. अमेरिकेच्या एफडीए या औषधं व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने २००० साली उष्णता देणाऱ्या लेसरला परवानगी दिली ती नंबर ‘तात्पुरता’ कमी करण्यासाठी. २००४ मध्ये चाळिशीच्या चष्म्यासाठी सीकेला मान्यता दिली, तिथेही परिणाम तात्पुरता असंच म्हटलं. आपल्या पत्रकावर मात्र ठळक अक्षरांत ‘चष्म्याला कायमचा रामराम’!

आपल्या काउन्सेलर बाई म्हणतात, संमतीपत्रावर ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात’ असं छापलंय आणि खाली तुमची सही आहे. आहे ना. चष्मा काढून ठेवायला लावल्यानंतर तो कागद माझ्यापुढे सरकवला होता. प्लस नंबरच्या माणसाने ती मुंगीएवढी अक्षरं चष्म्याशिवाय वाचायची कशी, हे आपण नेत्रतज्ज्ञांनीच सांगावं.

दुसरं उत्तर मिळालं, ‘वयानुसार नंबर वाढणारच’. वयाने वाढतो तो मुख्यतः वाचायचा नंबर. माझी तक्रार लांबच्या नंबराची आहे, ज्यासाठी आपण पैसे घेतले. पीएमटी बसच्या पाट्या पुन्हा पुसट दिसू लागल्यात. यावर उपाय म्हणून ‘टच-अप’, म्हणजे तीच शस्त्रक्रिया पुन्हा, निम्म्या दरात देऊ केलात. जे टिकत नाही तेच पुन्हा विकत घ्यायचं?

तरी माझी मागणी अशी: पूर्ण शुल्क परत करावं आणि पत्रकातला ‘कायमचा’ हा शब्द काढावा. शस्त्रक्रियेआधीच्या व नंतरच्या टोपोग्राफीसह (कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशासह) माझी सर्व कागदपत्रं द्यावीत. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ती मागितल्यापासून ७२ तासांत देणं बंधनकारक आहे आणि हे पत्र म्हणजेच ती मागणी समजावी.

शुल्काबाबत पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक मंचात जाईन. पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. मंचात तक्रार करण्याची दोन वर्षांची मुदत माझ्या लक्षात आहे. फोनवरून समजूत काढू नये, उत्तर लेखीच हवं.

कळावे,
(सही)

सोबत: पावती, पत्रक व नव्या चष्म्याची चिठ्ठी यांच्या प्रती