घोषणेआधी कराचं नाव सांगा : राज्याच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात माझी सगळी नोकरी झाली. तरतूद, वितरण, खर्च, समर्पण (न वापरलेला निधी परत करणं) या चार रकान्यांत मी राज्याचा कारभार पाहिला. त्यामुळे सरकारनं पैसा जपून वापरावा, कर्ज काढून रोजचा खर्च भागवू नये, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. आणि ज्या म्हातारीला सांभाळणारं कुणी नाही तिच्या पोटाची जबाबदारी सरकारचीच आहे, हेही मी तितक्याच ठामपणे मानतो. हल्ली या दोन गोष्टी एका माणसाला मानता येत नाहीत असं वातावरण झालं आहे. हिशेब विचारला की तो गरिबांच्या विरोधात बोलतो म्हणतात. गरिबांसाठी मागितलं की रेवडी म्हणतात. माझं म्हणणं असं आहे की हिशेब नीट नसला तर सगळ्यात आधी गरिबाचाच पैसा थांबतो. हे पत्र त्यासाठी.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पातले आकडे आपल्या खात्याचेच आहेत. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट, म्हणजे खर्च भागवायला काढावं लागणारं कर्ज, १,३६,२३५ कोटी. मार्च २०२६ अखेर एकूण कर्ज ९.३२ लाख कोटींवर जाईल असा अंदाज होता. राजकोषीय तूट राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (सरकारच्या जमेच्या नव्हे) ३ टक्क्यांच्या आत आहे, असं सरकारकडून वारंवार सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. पण त्या तुटीच्या आत काय आहे ते पाहावं लागतं. घेतलेल्या कर्जातला साधारण तिसरा हिस्सा धरणात, रस्त्यात, दवाखान्याच्या इमारतीत जात नाही. तो पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं अशा चालू खर्चात जिरतो. २००५ साली राज्यानं वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला तो नेमकी ही महसुली तूट संपवण्यासाठी. तीन टक्क्यांची मर्यादा पाळली म्हणून त्या कायद्याचा हेतू पाळला, असं होत नाही.

आता लाडक्या बहिणीकडे येतो. ही योजना बंद करा असं मी म्हणत नाही. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यात पैसे आलेल्या बायका माझ्या आसपास आहेत. गोळ्या-औषधं, पोरांच्या वह्या, उधारी भागवणं, यासाठी कुणापुढे हात पसरावा लागला नाही, याचं मोल मला कळतं. माझं भांडण योजना ज्या क्रमानं आली त्याच्याशी आहे. २८ जून २०२४ ला घोषणा झाली. पैसा कुठून येणार याचा तपशील आला तो पुढच्या महिन्यात, पुरवणी मागण्यांमधून, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या वाढीव खर्चातून. त्या एका अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या आणि त्यातले २५,००० कोटी या योजनेसाठी होते. वर्षाला ४६,००० कोटी लागतील असं तेव्हा सरकारच सांगत होतं. अर्ज भरून घेतले, हप्ते गेले, निवडणूक झाली. २०२५-२६ ला तरतूद आली ३६,००० कोटींची.

लेखा विभागातल्या कुणालाही हा आकडा पाहून पहिला प्रश्न पडतो. एका बाईला महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. या दरानं ३६,००० कोटींत २ कोटी बायका बसतात. लाभार्थी तेव्हा २ कोटी ४० लाखांच्या घरात होत्या. काहींना शेतकरी सन्मानाच्या योजनेमुळे ५०० रुपयेच मिळतात हे धरलं तरी हिशेब फार हलत नाही. म्हणजे पडताळणी पूर्ण व्हायच्या आधीच, किती जणींना वगळायचं ते तरतुदीच्या आकड्यानं जवळपास सांगून टाकलं होतं. पुढे जून २०२५ पासून २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचे हप्ते थांबवल्याचं महिला व बालविकास मंत्र्यांनी जाहीर केलं. त्यात १४ हजारांवर पुरुष निघाले. अपात्रांना पैसे जाऊ नयेत हे मी आयुष्यभर सांगत आलो. पण पात्रता तपासायची वेळ पैसे देण्याआधीची असते. आधी वाटायचं आणि मग बाईला वर्षभरानं सांगायचं की तुझं नाव यादीतून गेलं, ही वित्तीय शिस्त नव्हे. तिनं तेवढ्यात त्या पैशाच्या भरवशावर भिशी लावलेली असते, शिलाई मशीनचा हप्ता लावलेला असतो.

आपल्याकडे लाडक्या बहिणीच्या कितीतरी आधीपासून एक योजना चालू आहे. संजय गांधी निराधार अनुदान. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारानं खचलेली माणसं, अनाथ मुलं यांच्यासाठी. उत्पन्नमर्यादा लाडक्या बहिणीसाठी कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि निराधारासाठी वर्षानुवर्षे २१,००० रुपये राहिली. दिव्यांगांना तेवढी ५०,००० पर्यंत सवलत. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, संपूर्ण कुटुंबाचे.

महोदय, २०२५-२६ मध्ये आपल्या राज्यात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. तेव्हाच्या कायद्यानं हमी दिलेले १०० दिवस एखाद्या विधवेनं काम केलं तर तिचे ३१,२०० होतात. ६८ दिवसांतच ती २१,००० ओलांडते. म्हणजे सरकारनं एका कायद्यानं दिलेली पूर्ण हमी तिनं वापरली, तर सरकारच्याच दुसऱ्या योजनेत ती निराधार उरत नाही. मग होतं काय, ते गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तलाठ्याकडे जाऊन २१,००० च्या आतला दाखला काढावा लागतो. दाखला देणाऱ्याला माहीत असतं, घेणारीला माहीत असतं, अर्ज मंजूर करणाऱ्या समितीला माहीत असतं. ज्या नियमामुळे भुकेल्या माणसाला सही करून खोटं बोलावं लागतं, तो नियम काटकसरीचा असूच शकत नाही. शिवाय तसा दाखला मिळवून देणारे दलाल त्यातून पोसले जातात. ज्या बाईला दाखल्यासाठी चार पैसे देता येत नाहीत, जिच्यासाठी कुणी शब्द टाकत नाही, ती बाहेर राहते, आणि खरं तर तिच्यासाठीच योजना होती.

या दोन योजना समोरासमोर ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांची संख्या मोठी आणि मतदान मोठं त्यांच्यासाठी नियम सैल. ज्यांची संख्या थोडी, जे मोर्चा काढू शकत नाहीत, त्यांच्यासाठी नियम कडक. तिजोरी जपायची तर क्रम उलटा हवा.

मे २०२५ मध्ये तर मंत्रिमंडळातच कुरबूर झाली. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्याचा निधी लाडक्या बहिणीकडे वळवला गेला म्हणून सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी सांगितली. वसतिगृहातल्या पोराचा भत्ता, आश्रमशाळेचं धान्य, शिष्यवृत्ती हे याच लेखाशीर्षांतून जातं. अनुसूचित जाती आणि जमातींच्या बायकासुद्धा लाभार्थी आहेतच, म्हणून तो निधी त्यांच्यावरच खर्च झाला, असा युक्तिवाद होतो. पण उपयोजना, म्हणजे या समाजांसाठी राखून ठेवलेल्या तरतुदी, ज्या कारणासाठी आहेत ते कारण वेगळं आहे. सगळ्यांना जे मिळतं त्याच्यावर आणखी काही या समाजांना मिळावं म्हणून तो पैसा बाजूला काढतात. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकनं २०१३ साली या निधीला कायद्याचं कुंपण घातलं. आपल्याकडेही तसा कायदा करा, ही मागणी जुनी आहे.

आणि आपल्या राज्याला हे शिकण्यासाठी बाहेर पाहायचीही गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीकामाला लोटली होती. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरच्या मजुरांचा आकडा ५० लाखांच्या आसपास गेला होता. त्याच्या आधी, १९६५ साली, वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. पागे विधान परिषदेचे सभापती होते, त्यांना विधिमंडळ आतून माहीत होतं. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पण त्याच्या आधी, १९७५ साली, व्यवसाय कराचा कायदा झाला होता. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा काही रुपये कापायचे, त्यातून खेड्यातल्या मजुराची मजुरी द्यायची, आणि जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारनं आपल्याकडून घालायची, अशी ती रचना होती.

मुंबईतल्या कारकुनाला आपल्या पगारपत्रकावरची कपात दिसत होती. ती कशासाठी आहे हे त्याला सांगितलं होतं. कुरकूर झाली असेल, पण कर टिकला आणि कामही टिकलं. ज्याला गरज आहे तोच उन्हात माती उचलायला येईल, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्याची भानगडच नव्हती. हजेरीपटावर खोटी नावं घुसली, कामं अर्धवट राहिली, हे सगळं झालं, मी स्वतः तसले मस्टर तपासले आहेत. तरीही निधी नाही म्हणून काम नाही, असं सरकारला कायद्यानं म्हणता येत नव्हतं. २००५ साली केंद्रानं देशभर कायदा केला तेव्हा पुढे नमुना महाराष्ट्राचा होता. आपल्या आधीच्या पिढीतल्या राज्यकर्त्यांनी काटकसर आणि कल्याण एकाच कायद्यात बसवून दाखवलं होतं.

आज तसंच करायचं म्हटलं तर व्यवसाय कर वाढवता येणार नाही. १९८८ च्या घटनादुरुस्तीनं त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे आणि इतक्या वर्षांत ती हलली नाही. ती वाढवून घेण्यासाठी महाराष्ट्रानं केंद्राकडे आग्रह धरावा. बाकीचे मार्ग राज्याच्या हातात आहेत. २०२५-२६ च्याच अर्थसंकल्पात महागड्या गाड्यांवरच्या मोटार वाहन कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख केली. चांगलं पाऊल आहे. तेव्हाच सभागृहात सांगायचं होतं की हा वाढीव पैसा अमुक योजनेला जाईल. कोट्यवधींच्या घरांवर मुद्रांक शुल्काचा थोडा अधिभार लावा आणि त्याचं नाव सांगा. देणाऱ्याला कळू दे, घेणारीलाही कळू दे. लाडक्या बहिणीला महिन्याला १,५०० ऐवजी २,१०० रुपयांचं आश्वासन निवडणुकीत दिलं गेलं होतं. त्यासाठी २ कोटी ४० लाख बायकांमागे वर्षाला आणखी १७,२८० कोटी लागतील. ते द्यायचे असतील तर आधी तेवढ्या कराचं विधेयक आणा. तो कर लावायची तयारी नसेल तर तसं स्पष्ट सांगा. बायकांना हिशेब कळतो, घर त्याच चालवतात.

शिस्तीचा चाबूक फक्त गरिबांच्या योजनांवर चालू नये, हेही सांगितलं पाहिजे. वित्तीय ताणाचं कारण देऊन आनंदाचा शिधा थांबतो, शिवभोजन थाळीच्या केंद्रांची बिलं रखडतात. त्याच वर्षी, जून २०२५ मध्ये, पवनार ते पत्रादेवी शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी २०,७८७ कोटींना मंत्रिमंडळ मान्यता देतं, ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार त्यांच्यातले कितीतरी विरोधात उभे असताना. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज दिली, सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना, वर्षाला १४,७६० कोटींची. पण ज्याच्याकडे विहीरच नाही त्या कोरडवाहू शेतकऱ्याला तिच्यातला एक रुपया मिळत नाही, आणि राज्यातली बहुतेक शेती कोरडवाहू आहे. यातलं प्रत्येक चुकीचंच आहे असा माझा दावा नाही. निराधार बाईला जो प्रश्न विचारला जातो, तुला खरंच गरज आहे का, तो इथेही विचारला जावा एवढंच मागतो.

पुरवणी मागण्यांबद्दल थोडक्यात. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटी, डिसेंबरात ७५,२८६ कोटी. मार्चमध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पावर एवढी भर वर्षभरात पडत असेल, तर मार्चमधली चर्चा कशावर होते? त्यातल्या कितीतरी रकमांना नंतर पुरेसा निधी वितरित होत नाही, आणि खाली जिल्ह्यात ३१ मार्चच्या रात्री आमच्यासारखे कर्मचारी बीडीएस या निधी वितरणाच्या संगणक प्रणालीकडे डोळे लावून बसतात.

येत्या अर्थसंकल्पात माझी आपल्याकडे मागणी मोजकी आहे. नवी योजना मांडताना त्याच भाषणात तिचा पैसा कोणत्या करातून येणार ते सांगावं. अनुसूचित जाती-जमाती उपयोजनांच्या निधीला कायद्याचं संरक्षण द्यावं. पडताळणी पहिल्या हप्त्याआधी व्हावी. आणि निराधारांची उत्पन्नमर्यादा २१,००० वरून वाढवून ती रोजगार हमीच्या कायद्यानं हमी दिलेल्या दिवसांच्या मजुरीच्या वर न्यावी, दर वाढेल तशी तीही आपोआप वाढावी. या शेवटच्या कामाला नवा कायदा लागत नाही, अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. एक शासन निर्णय पुरेसा आहे, आणि वित्त विभागाची सही तेवढी हवी.

आपला विनम्र,
एक सेवानिवृत्त लेखा कर्मचारी