ग्लासातलं पाणी

लातूर
१२ जुलै २०२५

प्रिय दत्ता,

फोनवर सांगून झालं असतं. पण फोनवर असला विषय निघाला की तू ‘बरं बरं’ म्हणून सोयाबीनच्या भावावर घसरतोस, म्हणून कागदच घेतला.

तर, नवा जुरासिक सिनेमा बघितला. आषाढीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, लेकीला घेऊन. हिंदीतलाच. डायनोसोर हिंदी बोलणाऱ्या माणसांच्या मागं लागला नाही तर आपल्याला तो खराच वाटत नाही, त्याला काय करणार! ‘जुरासिक वर्ल्ड: रीबर्थ’, मालिकेतला सातवा. २०१५ च्या वेळी तूच फोन केला होतास, “आपला इरफान बागेचा मालक झालाय रे!” आणि मालक हेलिकॉप्टरसकट खाली आल्यावर दोन दिवस माझ्याशी असा बोललास की जणू ते मीच पाडलं. यात आपलं कुणी नाही. स्कार्लेट जोहान्सन आहे, ती चांगली आहे.

अर्धा सिनेमा आवडला. उरलेल्या अर्ध्यात मी पॉपकॉर्नच्या तळाचं मीठ शोधत होतो.

सुरुवातीलाच प्रयोगशाळेतला एक बाबा चॉकलेट खातो, त्याचा कागद उडून दाराच्या यंत्रणेत जातो आणि सगळी कुलपं बोंबलतात. लेक हसली. मी म्हटलं, हसू नको, आपल्या बसस्टँडवरच्या पुड्या तिथं नेल्या असत्या तर एक जनावर आत राहिलं नसतं.

पुढची गोष्ट थोडक्यात अशी की डायनोसोर जगभर मरायला लागलेत, विषुववृत्ताजवळच्या उष्ण पट्ट्यात तेवढे तग धरून आहेत. एका औषध कंपनीला हृदयविकाराच्या औषधासाठी समुद्रातला, जमिनीवरचा आणि आकाशातला, अशा तीन सगळ्यांत मोठ्या जनावरांचं रक्त पाहिजे. आणि लोकांना आता डायनोसोरांचा कंटाळा आलाय. न्यूयॉर्कच्या रस्त्यात एक आजारी लांबमान्या आडवा पडलाय, तर गाडीवाले मोंढ्याच्या वाटेत बसलेल्या म्हशीकडं बघावं तसे वैतागून बघतात. हे मला पटलं. कंटाळा तर आपल्यालाही आलाच होता. २०२२ चा भाग बघून आल्यावर तू काय म्हणाला होतास ते पत्रात लिहिता येत नाही.

पण जमिनीवरचं ते जनावर, टायटॅनोसोर! उंच गवतातून दोन माना वर येतात, जॉन विल्यम्सची ती जुनी धून सुरू होते आणि तो शास्त्रज्ञ नुसता पायाला हात लावतो. माझ्या अंगावर काटा आला. लेकीनं तेवढा वेळ मोबाइल उलटा ठेवला होता, यावरून समज. टायटॅनोसोर हे नाव मुळात आपल्या जबलपूरकडं सापडलेल्या हाडांवरून पडलं, १८७७ साली लिडेकर नावाच्या साहेबानं दिलेलं. हे मी तिला तिथंच अंधारात सांगितलं आणि मागच्या रांगेतून ‘शूऽऽ’ ऐकून घेतलं.

घरी आल्यावर तिनं विचारलं, जबलपूरला हाडं सापडली, चंद्रपूरकडं पिसदुऱ्याला सापडली, मग आपल्याकडं का नाही? मी म्हटलं, आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. डायनोसोर संपले त्याच सुमारास तो थरावर थर पसरत गेला. असतील तर त्याच्याखाली असतील. ती म्हणाली, म्हणजे औशाच्या वाड्याच्या भिंतीत आहे तो दगड? म्हटलं, तोच. आणि पुढं मला बोलता येईना.

तोच दगड, मातीत रचलेल्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर माळवदाची माती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून आलेली माणसं नुकती झोपलेली. तिला एवढंच सांगितलं की दत्ताकाका किल्लारीच्या शेजारच्या गावचा, आणि आठवीत तो माझ्या बाकावर येऊन बसला.

बाकीचं सांगितलं नाही. तुझ्याशीही कधी बोललो नाही.

भूकंपाला वर्ष होत आलं होतं. औशाहून एस्टीनं लातूरला, पहिला ‘जुरासिक पार्क’ बघायला, घरी न सांगता. टॉकीजात पुढून तिसरी रांग, तीही मोडकी. पावसात गाड्या थांबलेल्या, वीज गेलेली, आणि डॅशबोर्डवरच्या ग्लासातलं पाणी हललं. एक गोल, मग दुसरा. सगळं टॉकीज पडद्याकडं बघत होतं आणि तू उठून ओरडलास, “हालायलंय रे, भायेर चला!” लोक हसले. “बस की रं खाली,” कुणीतरी शिट्टी मारली. तू तोवर दाराशी पोचला होतास.

मी हसलो नाही, हे तुला माहीत आहे. पण मी लगेच उठलोही नाही, हे माहीत नसेल. मला बघायचं होतं काय येतंय ते. पाच-सहा सेकंद बसलो असेन. मग आलो. तू पायरीवर बसून दोन्ही तळवे फरशीला लावून बघत होतास. आत टी-रेक्स कुंपण तोडून आला, आवाजावरून कळलं, आणि जगानं बघितलेला तो सीन आपण दोघांनी पुढं दोन वर्षांनी केबलवर, मुंग्या आलेल्या टीव्हीत बघितला.

मला फार नंतर कळलं दत्ता, ते पाणी कसं हललं होतं ते. डॅशबोर्डखाली गिटारची तार बांधली होती. ती छेडली की पाण्यावर गोल उमटायचे. तार होती रे नुसती.

या सिनेमात मी शेवटपर्यंत पाण्याचीच वाट बघत होतो. आलं, वेगळ्या तऱ्हेनं. नदीकाठी टी-रेक्स झोपलाय. एक पोरगी हळूच रबरी नाव ओढते, नाव फुगते, मधे येते, आणि बाजूला होते तेव्हा तो तिथं नाही. नुसती जागा. थेटरात कुणी खोकललं नाही. मायकेल क्रायटनच्या १९९० च्या कादंबरीत ही नाव होती, पहिल्या सिनेमात घेतली नव्हती. त्या वेळचा पटकथाकार डेव्हिड केप या खेपेला परत आलाय, त्यानं ती ट्रंकेतून काढल्यासारखी काढली.

आणि मग शेवटी काय, तर सहा पायांचं, डोकं भोपळ्यासारखं फुगलेलं एक बिघडलेलं जनावर. धूर, लाल दिवा, पळापळ. भीती वाटलीच नाही. वाटलं, याला कुणीतरी गुरांच्या दवाखान्यात न्या. पहिल्या सिनेमात दोन तासांत जनावरं जेमतेम पंधरा मिनिटं दिसतात. एवढा हिशोब ठेवणारा माणूस यांच्याकडं आता उरला नसावा.

पोळ्याला येणार म्हणालास ते नक्की ना? लेकीला पहिला सिनेमा दाखवायचाय. ती म्हणते, काकासोबतच बघणार. ग्लासाचा सीन आला की मी उठून चहा टाकीन, तू आत यायचं तर ये, बसायचं तर बस.

आणि त्या दिवशी तू पायरीवर दोन गोटी सोडे प्यालास, माझ्या परतीच्या भाड्यातून. दुधाच्या टेम्पोत उभं राहून यावं लागलं होतं. ते पैसे घेऊन ये.

तुझा,
शिवा