उष्णतेने प्रथिनांची घडी मोडते, साखळी नाही

मा. संपादक,
स. न.

'दूध फार उकळू नका, अंडे पूर्ण शिजवू नका, त्यातली प्रथिने नष्ट होतात' हा सल्ला आरोग्यविषयक लेखांत आणि वाचकांच्या शंकासमाधानात वारंवार छापून येतो. तो चुकीचा आहे. त्यापायी व्यायामशाळेत जाणारी मुले कच्ची अंडी फोडून पितात, आजाऱ्याला अंडे अर्धे कच्चे दिले जाते, घरी आलेले सुटे दूध उकळी न आणता कोमट करूनच लहानांना पाजले जाते. आम्ही जैवरसायनशास्त्र शिकवतो. शिजवताना प्रथिनाचे नेमके काय होते आणि काय होत नाही, हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. अमिनो आम्ले वीस प्रकारची. प्रत्येकाच्या मध्यभागी कार्बनचा एक अणू, त्याला एका बाजूने नायट्रोजन असलेला अमाइन गट, दुसऱ्या बाजूने आम्ल गट, एक हायड्रोजन आणि एक बाजूची शाखा. वीस जणांत फरक असतो तो फक्त या शाखेचा. ग्लायसीनची शाखा म्हणजे नुसता हायड्रोजन. लायसीनच्या लांब शाखेच्या टोकाला आणखी एक अमाइन गट. ल्युसीन, व्हॅलीन यांच्या शाखा तेलासारख्या, पाण्यापासून दूर राहणाऱ्या. एकाचा आम्ल गट दुसऱ्याच्या अमाइन गटाशी जोडला जातो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पेप्टाइड बंध तयार होतो. हा बंध पक्का असतो.

ही साखळी पेशीत सरळ पसरलेली नसते. ती स्वतःभोवती ठरावीक पद्धतीने दुमडते. कुठे मळसूत्रासारखी वळते (लायनस पॉलिंग यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या अल्फा हेलिक्समध्ये एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्ले बसतात), कुठे शेजारी शेजारी पट्टे लागतात. साखळीला कोणत्या कोनांत वळता येते आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतात, याचा नकाशा जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये तयार करून १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. आजही जगात कुठेही प्रथिनाची नवी रचना मांडली की ती रामचंद्रन आलेखावर तपासली जाते. सर्वसाधारण प्रथिनात तेलासारख्या शाखा घडीच्या आत दडतात, पाण्याला धार्जिण्या शाखा बाहेर राहतात. ही सगळी घडी टिकते ती बहुतांशी कमजोर बंधांवर: हायड्रोजन बंध, विद्युतभारांची ओढ आणि तेलकट शाखांचे एकत्र राहणे. सिस्टीन या अमिनो आम्लाच्या दोन शाखांमध्ये होणारा गंधकाचा बंध तेवढा मजबूत.

स्वयंपाकघरातली उष्णता या कमजोर बंधांना पुरून उरते. पेप्टाइड बंधापुढे मात्र तिचे फारसे चालत नाही. प्रयोगशाळेत प्रथिनाची सगळी अमिनो आम्ले सुटी करायची असतील तर ते ६ मोलर, म्हणजे बऱ्याच तीव्र, हायड्रोक्लोरिक आम्लात घालावे लागते, नळीतली हवा काढून ती बंद करावी लागते आणि ११० अंश सेल्सिअसला २४ तास ठेवावी लागते. एवढे करूनही जिथे व्हॅलीन आणि आयसोल्युसीन शेजारी शेजारी असतात तिथले बंध पुरते तुटत नाहीत. त्यांच्यासाठी ४८ किंवा ७२ तास लागतात. साध्या पाण्यात, नेहमीच्या तापमानाला, पेप्टाइड बंध आपसूक तुटायला शेकडो वर्षे लागतात. आपल्या कुकरमध्ये तापमान जेमतेम १२० अंश असते, आम्ल जवळपास नसते आणि वेळ फार तर अर्धा तास. तेवढ्यात वरणातल्या प्रथिनाची साखळी सुटी होत नाही. अंड्याचा पांढरा भाग उकळण्याआधी आणि नंतर तपासला तर त्यातला नायट्रोजन (प्रथिनाचे प्रमाण त्यावरूनच मोजतात) तेवढाच भरतो, आणि बाययुरेट चाचणीत दोन्ही वेळा जांभळा रंगच येतो, कारण ही चाचणी पेप्टाइड बंध ओळखते, घडी नव्हे.

अंड्याचे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. पांढऱ्यातली निम्म्याहून जास्त प्रथिने म्हणजे ओव्हाल्ब्युमिन, ३८५ अमिनो आम्लांची साखळी. सुमारे ६२ अंशांच्या पुढे आधी ओव्होट्रान्सफेरिन उलगडते आणि पांढरा भाग सैलसर जेलीसारखा होतो. ओव्हाल्ब्युमिन मात्र ८० अंशांच्या आसपास पोहोचल्यावरच उलगडते, तेव्हा तो घट्ट होतो. घडी मोडली की आत दडलेल्या तेलकट शाखा उघड्या पडतात, शेजारच्या रेणूच्या उघड्या शाखांना चिकटतात, गंधकाचे नवे बंध जुळतात आणि पाणी धरून ठेवणारे जाळे तयार होते. त्या जाळ्यावरून प्रकाश विखुरतो म्हणून आधी पारदर्शक असलेला भाग पांढरा दिसतो. गार केले तरी तो पुन्हा पातळ होत नाही, कारण रेणू एकमेकांत अडकलेले असतात. पण प्रत्येक साखळी शाबूत असते. अंडे जास्त वेळ उकळले की पिवळ्याभोवती हिरवट-करडे कडे येते. पांढऱ्यातल्या सिस्टीनपासून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा पिवळ्यातल्या लोहाशी संयोग होऊन ते बनते. ते घातक नाही आणि त्यात प्रथिनांचे म्हणण्याजोगे नुकसानही नाही. नको असेल तर पाण्याला उकळी आल्यावर दहा मिनिटांत गॅस बंद करून अंडी लगेच गार पाण्यात टाकावीत.

उलगडलेली साखळी पचनाला सोयीचीच असते. जठरातले पेप्सिन, आतड्यातले ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन या प्रथिने कापणाऱ्या एन्झाइम्सना साखळीतल्या ठरावीक जागा सापडाव्या लागतात. ट्रिप्सिन लायसीन आणि आर्जिनीन यांच्या पुढेच कापते. घट्ट घडीत या जागा झाकलेल्या राहतात. बेल्जियममध्ये झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान आतड्याच्या शेवटी किती प्रथिन न पचता उरते हे मोजले होते. शिजवलेल्या अंड्यातले सुमारे ९१ टक्के प्रथिन पचले, कच्च्यातले सुमारे ५१ टक्केच. कच्चे अंडे पिणारा मुलगा पैसे पूर्ण अंड्याचे देतो आणि त्याच्या शरीराला मिळते जेमतेम निम्मे. शिवाय कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचे प्रथिन असते. ते बायोटिन हे जीवनसत्त्व इतके घट्ट धरते की ते आतड्यात शोषलेच जात नाही. शिजवल्यावर ॲव्हिडिनची घडी मोडते आणि ही पकड सुटते. साल्मोनेला या जंतूचा धोका वेगळाच.

दुधाची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे गोंधळही जास्त आहे. दुधातली सुमारे ८० टक्के प्रथिने केसीन गटातली. केसीनला मुळात पक्की घडी नसते, त्यामुळे उष्णतेने मोडण्यासारखे त्यात फारसे काही नाही. म्हणून दूध कितीही उकळले तरी अंड्यासारखे थिजत नाही, आणि १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवलेले खोक्यातले दूधही पातळच राहते. उरलेली २० टक्के निवळीतली (दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातली) प्रथिने घडीची असतात. ती ७० अंशांच्या पुढे उलगडतात आणि केसीनच्या कणांना जाऊन चिकटतात. यात काहीही वाया जात नाही, उलट घरातल्या दोन जिनसांना याचा फायदाच होतो. दही घट्ट लागायला हवे असेल तर दूध ८५ ते ९० अंशांवर, म्हणजे उकळी येऊन गेल्यावर मंद आचेवर, दहा मिनिटे राहू द्यावे आणि ४० ते ४३ अंशांपर्यंत उतरल्यावर विरजण लावावे. नुसत्या कोमट केलेल्या दुधाचे दही सैल लागते आणि पाणी सोडते, ते याच कारणाने. पनीरचेही तसेच. दूध उकळीपर्यंत तापवून, थोडे उतरू देऊन, लिटरला साधारण २ ग्रॅम सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून हळूहळू घातले तर केसीनबरोबर निवळीतली बरीचशी प्रथिनेही पनीरमध्येच येतात. खाली उरलेले पाणी हिरवट-पिवळे आणि स्वच्छ दिसायला हवे. ते दुधाळ असेल तर आम्ल कमी पडले आणि प्रथिन पाण्यात चालले आहे. आम्ल जास्त झाले किंवा फार वेळ उकळत ठेवले की पनीर कडक आणि भुसभुशीत होते.

घडीदार प्रथिने जास्त असली की दूधही थिजते, हे महाराष्ट्रात आणि गोव्यात कोणाला सांगावे लागू नये. गाय-म्हैस व्याल्यावर पहिल्या दिवशीच्या चिकात प्रतिपिंडांसारख्या प्रथिनांचे प्रमाण साध्या दुधाच्या मानाने कितीतरी जास्त असते. त्यामुळे आम्ल न घालता, निव्वळ वाफेवर खरवस होतो. पहिल्या दिवसाच्या चिकात दूध मिसळतात, नाहीतर वडी रबरासारखी होते; तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या चिकात ही प्रथिने झपाट्याने उतरलेली असतात, तेव्हा दूध घातले तर तो सेटच होत नाही. आच मोठी ठेवली की जाळे आवळते, पाणी सुटते आणि खरवसाला भोके पडतात. 'उष्णतेने प्रथिने नष्ट होतात' हे खरे असते तर खरवस झालाच नसता.

उकळताना दूध नासले तर दोष उष्णतेचा नाही. जंतूंनी आधीच आम्ल तयार केलेले असते. गार दुधाचे केसीन आम्लता ४.६ पीएचला पोहोचल्यावर साकळते, तापत्या दुधाचे त्याच्या बरेच आधी. फ्रिजमध्ये बरेच दिवस राहिलेले दूध कडवट लागते, तेव्हा मात्र साखळी खरोखर तुटलेली असते. थंडीत वाढणारे काही जंतू प्रथिने कापणारी एन्झाइम्स सोडतात, तुकडे कडू लागतात आणि ही एन्झाइम्स उकळूनही पुरती मरत नाहीत. असे दूध टाकून द्यावे.

कडधान्यांत घडी मोडणे हीच सुरक्षितता आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारे प्रथिन असते. न शिजवता खाल्ले तर सोयाबीनचे प्रथिन नीट पचत नाही. कच्च्या राजम्यातले लेक्टिन नावाचे प्रथिन तर उलट्या-जुलाब घडवते. राजमा निदान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकावे, नव्या पाण्यात खळखळून अर्धा तास उकळावा किंवा कुकरला शिजवावा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, जिथे पाणी ८० अंशांपर्यंतही जात नाही, तिथे शिजवलेला राजमा मऊ लागला तरी त्यातले लेक्टिन तसेच राहते. मोड आलेले मूग कच्चे चालतात म्हणून मोड आलेला राजमाही चालेल, असे कोणी लिहू नये.

उष्णतेने खरोखर नुकसान होते ते एका ठिकाणी, आणि त्याबद्दल आरोग्याच्या सदरांत जवळपास काहीच येत नाही. लायसीनच्या टोकाचा अमाइन गट साखरेशी संयोग पावतो आणि तपकिरी रंग येतो. करपलेला टोस्ट, खरपूस बिस्कीट, गडद आटवलेला खवा यांतले काही लायसीन असे अडकते आणि शरीराला मिळत नाही. रोजच्या दूध उकळण्यात हे प्रमाण अगदी थोडे. पण गव्हा-तांदळात लायसीन आधीच तुटपुंजे असते, म्हणून ज्या मुलाचे अर्धे जेवण बिस्किटांवर चालते तिथे हे लक्षात घ्यायला हवे. डाळीत लायसीन भरपूर आणि मेथिओनीन हे दुसरे अमिनो आम्ल कमी, भातात त्याच्या उलट. वरण-भात एकत्र खाल्ल्याने दोन्ही उणिवा भरून निघतात. शरीर स्वतः बनवू शकत नाही अशी नऊ अमिनो आम्ले अन्नातूनच यावी लागतात, आणि प्रौढांसाठी भारतीय शिफारस किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनाची आहे. साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. एका उकडलेल्या अंड्यातून त्यातले साधारण ६ ग्रॅम मिळतात.

आपल्या आरोग्य सदराच्या लेखकांना एक विनंती. 'जास्त शिजवू नका' असे लिहिताना त्यापुढे कोणता घटक कमी होतो हे लिहावे. क जीवनसत्त्व असेल तर तसे, थायमिन (ब१ जीवनसत्त्व) असेल तर तसे, लायसीन असेल तर तसे. आणि अंडे, सुटे दूध, राजमा, सोयाबीन यांच्याबाबत 'पूर्ण शिजवा' हा सल्ला ठळक अक्षरांत छापावा.

आपले,
जैवरसायनशास्त्राचे काही अध्यापक