त्या संघाचा मॅनेजर कुठे गेला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला सेवानी कॉलेजच्या १८९९ च्या फुटबॉल संघावरचा लेख वाचला. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या डोंगरावरल्या एवढ्याशा कॉलेजाला मराठी पेपरात अर्धं पान मिळालं, याबद्दल अभिनंदन. एरवी पुरवणीत क्रिकेटपटूंचे वाढदिवसच वाचायला मिळतात. सोबत गोल चेंडूचा फोटो टाकलात, तेही चालवून घेतलं. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट असतो हे आता शाळकरी पोरंही सांगतील, पण असो.

लेखक म्हणतात, ‘सलग पाच दिवस पाच सामने’. चूक. ९ नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठाला १२-० हरवलं, दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एम कॉलेजाला १०-०, तिसऱ्या दिवशी न्यू ऑर्लिन्सला टुलेनला २३-०. मग रविवार आला. विद्यापीठ चर्चचं, त्यामुळे रविवारी मॅच नाही. सोमवारी बॅटन रूजला एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला) ३४-०, मंगळवारी मेम्फिसला मिसिसिपीला १२-०. म्हणजे सहा दिवसांत पाच. आपल्या लेखकानं बिचाऱ्यांची हक्काची सुट्टीसुद्धा कापली.

पण माझा राग वेगळाच आहे. लेखात कर्णधार सायबल्स आहेत, प्रशिक्षक सूटर आहेत, आणि ल्यूक ली हे नाव एकदाही नाही. तो मॅनेजर होता ना, मग कशाला छापायचं!

अहो, हा दौरा ‘निव्वळ जिद्दीच्या जोरावर’ झालेला नाही, पैशाच्या ओढाताणीतून झाला. व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी गेटच्या, म्हणजे तिकिटांच्या, पैशावरून बिनसलं, वर्षातली कमाईची मॅच हातची गेली. ती तूट भरून काढायला विशीतल्या या विद्यार्थ्यानं दौरा आखला. रेल्वेचा झोपायचा डबा ठरवला. परगावच्या पाण्यानं पोरांची पोटं बिघडू नयेत म्हणून गावच्या झऱ्याचं पाणी पिंपांत भरून बरोबर घेतलं. खेळाडूंचे बूट स्टेशनावरच राहिले आणि मागच्या गाडीनं मागवले, अशीही गोष्ट सांगतात. त्या काळी एकदा मैदानाबाहेर गेलेला गडी पुन्हा आत येऊ शकत नसे. अशा खेळासाठी २१ जणांना सुमारे अडीच हजार मैल फिरवायचं आणि रोज पायावर उभं करायचं, हे काम कुणाचं?

मी सांगतो कुणाचं, कारण मी ते केलं आहे. कॉलेजात फुटबॉल टीमचा मॅनेजर होतो. रेल्वे सवलतीच्या फॉर्मवर प्राचार्यांची सही मिळवण्यापासून ते मिरजेला गाडी बदलताना डोकी मोजण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. सोलापूरला सेमीफायनलच्या आदल्या रात्री पोरांना उकडलेली अंडी आणि केळी खाऊ घातली. गाडीवाला कुठलं बिलबुक ठेवणार? त्यानं वहीच्या कागदावर हिशेब लिहून दिला. जिमखान्यानं त्यावर ‘नियमात बसत नाही’ असा लाल शाईचा शेरा मारून कागद परत धाडला, पैसे माझ्या खिशातून गेले. तेही सोडा. पुढे सुवर्णमहोत्सवी अंकात आमच्या टीमचा फोटो आला. बसलेले, उभे, सगळ्यांची नावं. वर्षभरात एकही मॅच न खेळलेल्या राखीव गोलकीपरचंसुद्धा! मी उजव्या टोकाला, चेंडूंची जाळी खांद्यावर घेऊन उभा. माझ्या जागी छापलं होतं ‘व इतर’. फोटोत इतर म्हणून मी एकटाच होतो.

निदान ल्यूक लीच्या बाबतीत तरी आपण असं करायला नको होतं. याच माणसानं १९०७ मध्ये नॅशव्हिलला ‘टेनेसियन’ हे वर्तमानपत्र काढलं. पुढे तो सेनेटर झाला. १९१९ च्या जानेवारीत थेट जर्मनीच्या पदच्युत कैसरला पकडून आणायला हॉलंडला गेला, तेही सहा साथीदार बरोबर घेऊन. (नंतर बँकेच्या प्रकरणात तुरुंगातही गेला, तो भाग वेगळा.) वर्तमानपत्राच्या संस्थापकाचं नाव वर्तमानपत्रानंच गाळावं, याला काय म्हणावं?

आणखी एक. १२ सामन्यांत ३२२ गुण केले आणि फक्त १० दिले, एवढं छापून ‘सगळे सामने एकतर्फी’ म्हणून मोकळे झालात. ते १० गुण एकट्या ऑबर्न कॉलेजानं घेतले आणि ती मॅच सेवानीनं ११-१० अशी जेमतेम वाचवली. ऑबर्नचे प्रशिक्षक जॉन हाइजमन इतके भडकले की त्यांनी पंचगिरीविरुद्ध वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. पंचांनीही पेपरातूनच उत्तर दिलं. दोन्ही छापून आलं. तेव्हाचे संपादक वाचकांची पत्रं छापत असत. शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांच्या बातमीत गोल कुणी मारले तेवढं तरी देत जा, असं मी आपल्याला मार्चमध्ये कळवलं होतं. ते पत्र अजून छापून आलेलं नाही आणि गोल कुणी मारले तेही कळत नाही. परवाही नुसतं ‘२-१ असा विजय’.

खुलासा येत्या रविवारच्या पुरवणीतच यावा, आतल्या पानावर जाहिरातीखाली नको. हे पत्र काटछाट न करता छापावं.

आपला,
एक माजी टीम मॅनेजर
कोल्हापूर